डाव्या चाकामागची नळी

बर्फ आता फक्त सरपणाच्या ढिगामागे उरलाय,
न धुतलेल्या चादरीसारखा.
हेल्वीआत्या अंगणात पुठ्ठा अंथरते, त्यावर घोंगडं,
आणि त्र्याहत्तराव्या वर्षी
सरपटत गाडीखाली जाते.
बाहेर उरतात दोन रबरी बूट.
बूट मला सांगतात : तारेचा ब्रश दे.
बूट सांगतात : हा नाही रे, बारका.

गाडी एकोणनव्वद सालची.
कुहमोच्या बाजारापासून रशियाच्या हद्दीपर्यंत
आत्यानं हिच्यातून सव्वीस वर्षं मासळी विकली,
एकेका घरासमोर थांबून.
धुरी दिलेल्या मासळीचा वास
अजून मागच्या फळ्यांत मुरलेला आहे.
वासाबद्दल नियमांत काही कलम नाही,
मी फोन करून विचारून घेतलं.

हिवाळाभर इथं रस्त्यांवर मीठ टाकतात.
मीठ मासळी टिकवतं आणि पत्रा खातं,
यात आत्याला कधी काही विशेष वाटलेलं नाही.
ती नखानं टोचते, पोपडा सुटतो,
आतला पत्रा कॉफीत बुडवलेल्या बिस्किटासारखा.
मग ओस्मो येतो वेल्डिंगचं यंत्र घेऊन,
ठिगळ लावतो, घोंगड्याला चार भोकं पाडतो,
आणि कॉफी पिऊन जातो, दोनदा.

माझ्याकडे नंबरप्लेटवरचा दिवा.
वाटाण्याएवढा बल्ब, दोन गंजके स्क्रू,
दोन तास.
काचेच्या आत गेल्या उन्हाळ्यातला एक डास, अख्खा.

टायरच्या खाचेत आत्या दोन युरोचं नाणं उभं धरते.
चंदेरी कडा बुडाली तर ठीक.
पुढच्या उजव्या चाकात ती जेमतेम बुडते.
आत्या नाणं उलटं करून पुन्हा बघते,
जणू छाप्याचं उत्तर काट्याहून वेगळं येईल.

हॉर्न मुका होता. फ्यूज बदलला,
आणि रात्री दहाला, लख्ख उजेडात,
तो असा काही ओरडला
की दलदलीतून दोन क्रौंच उठले
आणि त्याला उत्तर देत तळ्याकडे गेले.
आत्या म्हणाली, ‘चला, ते पास झाले.’

सकाळी केंद्रावर मिस्का नावाचा पोरगा.
त्यानं चाकं हलवली, रोलरवर ब्रेक दाबून घेतले,
खड्ड्यात उतरून हातोडीनं ठिगळ वाजवलं.
ठिगळ नीट वाजलं.
धुराचा आकडा बघून भुवई उंचावली, पण बोलला नाही.
कागदावर शिक्का उमटायला
एका बोटाचं अंतर होतं.

‘डाव्या मागच्या चाकाच्या मागं,’ आत्या म्हणाली,
‘वरच्या अंगाला हात घालून बघ जरा.’

हात दाखवून अवलक्षण!
मी फरशीवरचे तेलाचे डाग मोजायला लागलो.

मिस्काची बोटं बाहेर आली ती चकाकत.
त्यानं वास घेतला. ब्रेकचं तेल.
नळीवर गंजाआड केसाएवढी चीर.

‘काल नव्हतं हे,’ मी म्हणालो.
‘परवापासून आहे,’ आत्या म्हणाली.
‘मग बोलली का नाहीस?’

तिनं स्वतःचा हात पालथा केला, उलथा केला,
माशांच्या परांनी चिरत आलेली बोटं.
‘हल्ली मला सगळंच ओलं लागतं.
टेबल, टॉवेल, कोरडी काठीसुद्धा.
म्हटलं, दुसऱ्या कुणाची तरी बोटं लावून बघावी.’

मिस्कानं कागदावर काय लिहायचं ते लिहिलं.
नळी बदलेपर्यंत गाडी तिथंच राहणार,
कुंपणाशी, भंगारातल्या एका बोटीशेजारी.
निघताना आत्यानं मागचं दार उघडून
उगाच एकदा आत बघितलं.

न्यायला ओस्मो आला.
आत्या पुढं बसली, पट्टा लावला,
दोनदा जोरात ओढून पाहिला.
वळणावर ब्रेक लागल्यावर कान दिला.

‘ओस्मो,’ ती म्हणाली,
‘तुझी तारीख कधी आहे?’
‘नोव्हेंबरात.’
‘हं,’ आत्या म्हणाली.
आणि घर येईपर्यंत
त्याच्या चाकांखालचा रस्ता ऐकत बसली.